कॅन्सर परत आला, आता मनासाठी कोणाकडे जायचं?

मे महिना होता. आई मागच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. मुंबईहून भावाचा फोन आला, आईच्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायच्या तपासणीत, हाडात काहीतरी दिसतंय, पुढच्या आठवड्यात दाखवायला बोलावलंय. मी तिला सांगितलं. ती "बरा" म्हणाली आणि पुढचा रातांबा उचलला. संध्याकाळी पाटी बघितली तर बिया, गर, सालं सगळं एकातच पडलेलं. चाळीस वर्षं त्या सालांची सोलं (आमसुलं) करणाऱ्या बाईने त्या दुपारी एक साल वेगळं काढलं नव्हतं. रडली नाही, काही विचारलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढंच म्हणाली, "माका रडूकच येणा नाय गो, तेचाच भय वाटता."

त्या रात्रीपासून मनाच्या डॉक्टरपर्यंत पोचायला आम्हाला चार महिने लागले. चार दिवसांत पोचता आलं असतं, पण कुठे जायचं, काय बोलायचं, कोण काय करतं, यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी आजार उलटून आलाय आणि जे सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कुठेतरी, मोठ्या हॉस्पिटलपासून लांब राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुसऱ्या वेळचं भय वेगळं का असतं

पहिल्या वेळी सगळं घर धावतं. पैसे जमतात, चाकरमानी रजा टाकून येतात, आणि सहा-आठ महिन्यांत हे संपेल असं सगळ्यांनी धरलेलं असतं. दुसऱ्या वेळी माणसाला केमो म्हणजे काय हे ठाऊक असतं. तोंडाची चव, गळलेले केस, सलाईनच्या सुईसाठी शीर शोधणारी नर्स, सगळं आठवत असतं. शेजारी आणि नातेवाईकही दमलेले असतात, त्यामुळे चौकशी कमी होते. शिवाय आपल्या अंगावरचा भरवसा उडतो. साधी कंबर धरली तरी तिथेही पोचला की काय, असं वाटतं.

आणि एक टोचणी असते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. "माझंच काहीतरी चुकलं." आई बरेच दिवस हिशेब करत होती: गणपतीत जास्त काम केलं म्हणून, उपास सोडले नाहीत म्हणून, सुनेशी वाद झाला म्हणून. म्हणून हे आधी नीट समजून घ्या. पहिल्या उपचारातून काही मोजक्या पेशी वाचतात, त्या इतक्या थोड्या असतात की स्कॅनमध्ये दिसत नाहीत, आणि पुढे कधीतरी वाढतात. आजार परत येतो तो असा. काळजी केल्याने किंवा भांडण झाल्याने तो परत येतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे "मन खंबीर ठेवलं असतं तर" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. प्रेमाने म्हटलं तरी ते आरोपासारखं लागतं.

पहिली पायरी: रोज एक आकडा विचारा

कॅन्सरच्या रुग्णालयांत मनाचा ताण मोजायची एक सोपी पद्धत वापरतात. थर्मामीटरसारखी उभी पट्टी असते, शून्य ते १०. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, १० म्हणजे सोसवत नाही. गेल्या आठवड्यात, आज धरून, किती होता, असं विचारतात. ४ किंवा त्याच्या वर आकडा आला तर पुढे विचारपूस करायची, मदत द्यायची. हे घरीही करता येतं. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" हेच उत्तर येतं. आकडा विचारला की माणूस थांबून विचार करतो. आईने पहिल्यांदा सात सांगितला तेव्हा मला धक्का बसला, कारण त्या दिवशी ती शेजारणीशी हसून बोलत होती. आकडे वहीत तारखेसह लिहा, पुढे उपयोगी पडतात.

जेवण कमी होणं, थकवा, झोप उडणं ही उदासीची लक्षणं आहेत, पण केमोनेही हेच होतं. म्हणून नुसत्या त्यांच्यावर जाऊ नका. ज्यात जीव रमायचा त्यात रमत नाही का? मालिका, नातवंडांचा व्हिडिओ कॉल, अंगणातली फुलझाडं, यांकडे बघणंही सोडलंय का? आपण सगळ्यांना ओझं झालोय, असं बोलणं येतं का? हे जवळजवळ रोज, दोन आठवडे चाललं असेल तर ते "साहजिकच आहे" म्हणून सोडून देऊ नका. दुःख होणं साहजिक आहे, त्यावर उपचार न करणं साहजिक नाही.

काही वेळा मूळ शरीरातच असतं. केमोसोबत देतात त्या स्टेरॉइडने दोन-तीन दिवस झोप उडते, चिडचिड होते. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावून माणूस सुस्त आणि उदास होऊ शकतो, साध्या रक्ततपासणीत ते कळतं. आणि माणूस एकाएकी बरळायला लागला, दिवस-रात्र ओळखेनासा झाला, तर ते मनाचं दुखणं समजून घरी थांबू नका. रक्तातलं सोडियम किंवा कॅल्शियम बिघडणं, जंतुसंसर्ग किंवा मेंदूपर्यंत गेलेला आजार, यांतलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाहेरचं काही लागलंय म्हणून उतारा काढण्यात त्या वेळी रात्र घालवू नका.

दुसरी पायरी: कॅन्सरच्या डॉक्टरला एक वाक्य म्हणा

इथेच आमचे चार महिने गेले. ओपीडीत आपल्या वाट्याला काही मिनिटं येतात. रिपोर्ट, रक्त, पुढच्या केमोची तारीख एवढ्यात ती संपतात, आणि मनाचं बोलायचं राहतं. डॉक्टर विचारतील म्हणून आम्ही थांबलो, आणि आम्हीच बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं त्यांनी धरलं.

म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या आणि फाइलच्या पहिल्या पानाला टाचा. मी लिहिलं होतं: "आईला तीन आठवडे झोप नाही, ताणाचा आकडा सात, 'मी मेले तर बरं' असं दोनदा म्हणाली. मानसोपचार विभागासाठी रेफरन्स हवा." डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढून आईकडे बघितलं आणि त्याच कागदाखाली रेफरन्स लिहिला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी मानसोपचार विभाग त्याच रुग्णालयात आहे आणि तुमची तीच फाइल तिथे चालते. दुसरीकडे उपचार असतील तर तिथल्या सोशल वर्करना विचारा. सरकारी रुग्णालयात त्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात. पैशांच्या योजनांसाठी आपण त्यांच्याकडे जातोच, तेव्हाच हेही विचारायचं.

खरं तर रेफरन्स मागायची योग्य वेळ आमच्यासारखी तीन आठवडे झोप उडाल्यावरची नव्हे. आजार परतल्याचं कळतं त्याच भेटीत, पुढच्या केमोची तारीख घेताना, मनाच्या डॉक्टरांचीही तारीख मागा. पुढे गरज लागली नाही तर चांगलंच आहे.

तिसरी पायरी: कोण काय करतं ते ओळखा

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेले डॉक्टर असतात. ते औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून आणि ठरावीक पद्धतींनी उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ती विचारायला संकोच करू नका. समुपदेशक ऐकून घेतात, वाट काढायला मदत करतात, पण या नावाखाली कोणीही पाटी लावतो, म्हणून शिक्षण विचारा. झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, मरणाचं बोलणं येत असेल तर पहिल्यांदा सायकियाट्रिस्ट. भय, घरातला अबोला, निर्णय घेता न येणं, यासाठी सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक. बऱ्याच जणांना दोन्ही लागतात.

चौथी पायरी: कोकणात राहून मदत कुठे मिळते

आधी एक गाठ सोडवते. आपल्याकडे "ह्येका रत्नांग्रीक धाडूक व्हया" म्हटलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि त्या एका वाक्याने कोकणातल्या कितीतरी माणसांना मनाच्या डॉक्टरपासून लांब ठेवलंय. आईनेही हेच विचारलं, "माका येडी समाजतलंस काय?" मी तिला म्हटलं, "गुडघ्यासाठी गेलीस तेव्हा तुला कोणी लंगडी म्हणालं का?" तिला ते पटलं असं नाही, पण एकदा येते म्हणाली. एकदा, एवढंच मागा.

घरबसल्या सुरुवात करायची तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन घरच्या माणसाने केला तरी चालतो. मी केला तेव्हा कसं सुरू करायचं कळेना. शेवटी म्हटलं, "माझ्या आईचा कॅन्सर परत आलाय आणि तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही." पलीकडून त्या बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही झोपता का?" मला तो प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता.

प्रत्यक्ष भेटायचं तर जिल्हा रुग्णालय गाठा. सिंधुदुर्गचं ओरोसला आहे, रत्नागिरीचं रत्नागिरी शहरात, रायगडचं अलिबागला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथून चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची माणसं ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही येतात. दिवस आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर एक एसटीची खेप फुकट जाते. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात. त्या बाजूच्या लोकांनी मुंबईची वाट धरण्याआधी तिथेही विचारावं.

पहिली भेट समोरासमोर झाली की पुढच्या व्हिडिओवर घेता येतात का ते विचारा. आमच्या घरात रेंज येत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, येते. मी काजूच्या झाडाखाली आईसाठी खुर्ची नेऊन ठेवते आणि मांगराकडे, शेतातल्या खोपीकडे, येऊन थांबते. यातली महत्त्वाची गोष्ट रेंज नव्हे, एकांत आहे. पडवीत बसून, सासरे-दीर ऐकत असताना, कोणतीच बाई मनातलं बोलणार नाही. बोलणाऱ्याला अर्धा-पाऊण तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा शोधा. बंद गाडीसुद्धा चालते.

पाचवी पायरी: पहिल्या भेटीला काय न्यायचं

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, त्यात आयुर्वेदिक काढे आणि गावठी औषधंही. हे फार महत्त्वाचं आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मनासाठीच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, तिचा परिणाम कमी करू शकतात. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृतात तिचं काम करणारं रूप तयार होतं, ते बनण्यात या गोळ्या आड येतात. दुसऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत, फक्त डॉक्टरला ठाऊक असायला हवं. उलट नीट माहिती दिली तर एका गोळीत दोन कामं होतात: काही गोळ्या उदासीबरोबर केमोनंतरची हातापायांची आग कमी करतात, काही झोप आणि भूक दोन्ही सुधारतात. आकड्यांची वही न्या, शेवटचा स्कॅन रिपोर्ट न्या.

भेटीत ते काय विचारतात? झोप, भूक, आधी कधी असं झालं होतं का, घरी कोण कोण आहे, आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते. आईने शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. तिला मरणाचं भय नव्हतं. मुंबईत रुग्णालयातच जीव गेला तर मला घरी आणतील का, याचं होतं. त्या दिवशी आम्ही तिला शब्द दिला, आणि त्या रात्री ती सहा तास झोपली.

आपल्या बोलीत बोला. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, जी येते ती. प्रमाण मराठीत माणूस तब्येत सांगतो, मनातलं बोलीतच सांगतो.

गोळ्या दिल्या तर लगेच फरक पडत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. आधी तोंड कोरडं पडणं, मळमळणं असले त्रास होतात आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. सोडू नका, फोन करून विचारा. उदासीवरच्या गोळ्यांची सवय लागते हा गैरसमज झोपेच्या गोळ्यांवरून आलाय. झोपेच्या गोळ्या डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, त्या मनाने वाढवू नका. दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकदम बंदही करू नका.

पहिला माणूस जुळला नाही तर दुसरा शोधा. आम्हाला आधी भेटलेल्या एका समुपदेशकांनी दहा मिनिटांत "पॉझिटिव्ह राहा, देवाचं नाव घ्या" म्हणून वाटेला लावलं. आई देवाचं नाव साठ वर्षं घेतेय. तिला त्यासाठी कोणाकडे जायची गरज नव्हती. त्या एका भेटीवरून "हे सगळं असलंच" असं ठरवून आम्ही महिनाभर गप्प बसलो, ती आमची चूक.

मरणाचं बोलणं आलं तर

"नेलं तर बरं" असं म्हातारी माणसं सहज म्हणतात. तरी आजार परत आल्यावर ते कानाआड करू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनात दाबलेलं बाहेर येतं. उत्तर "हो" असेल किंवा उत्तरच टाळलं, तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली दुखण्याची औषधं आणि बागेत फवारायची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ ला फोन लावा, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. वेदना सोसवत नाहीत म्हणूनही माणूस असं बोलतो. मग दुखणं आधी थांबवायला हवं. त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर विभाग असतो. तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. उपचार चालू असतानाही तिथे जायचं असतं.

पैसे, प्रवास, गुप्तता

मनाच्या डॉक्टरची तारीख केमोच्या किंवा तपासणीच्या तारखेला जोडून मागा, म्हणजे तुतारी किंवा कोकणकन्या गाडीने मुंबईची एक फेरी वाचते. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाने भरून दिलेला फॉर्म तिकीट खिडकीवर द्यायचा. परळला राहावं लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, सोशल वर्करची चिठ्ठी घेऊनच जा. मुंबईत व्ही केअर फाउंडेशनसारख्या संस्थांत स्वतः कॅन्सरमधून गेलेली माणसं रुग्णांशी बोलतात. आजार परत येऊनही तीन-चार वर्षं संसार करत असलेली बाई समोर बसली की जे होतं ते कुठल्याही डॉक्टरच्या बोलण्याने होत नाही.

गावात कळेल ही धास्ती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही इतर आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा.

घरच्यांनी काय करायचं

रुग्णापासून लपवू नका. "तिला सांगू नका डॉक्टर" असं आम्हीही म्हणणार होतो. पण घरात कुजबुज सुरू झाली की माणूस ओळखतो, आणि मग तोही न कळल्याचं सोंग घेतो. दोन्ही बाजू एकमेकांना जपत एकट्या पडतात. किती सांगायचं ते तिलाच विचारा: "सगळं ऐकायचं आहे की मी ऐकून तुला हवं तेवढं सांगू?"

फोन घेण्यासाठी एकच माणूस ठरवा. रोज आठ नातेवाइकांना तोच रिपोर्ट सांगायचा म्हणजे रोज आठ वेळा तो ऐकायचा. गणपतीत घर भरतं तेव्हा हे जास्तच लागतं. आम्ही त्या वर्षी मुंबईकरांना आधीच निरोप दिला की आईला आजाराचं विचारायचं नाही, मोदकांना उकड नीट झाली का ते विचारायचं.

देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला. चारचौघांसमोर गुरवाने आपलं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं की माणसाला बळ येतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कोणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर मात्र ऐकू नका.

आणि सांभाळणाऱ्याने स्वतःसाठीही तारीख घ्यावी. मी घेतली.

स्कॅनच्या आधीचा आठवडा

हा आठवडा सगळ्यात वाईट जातो, आणि तो दर तीन-चार महिन्यांनी येतो. स्कॅनची तारीख मिळाली की त्याच दिवशी सायकॉलॉजिस्टची वेळ दोनदा मागून घ्या, एक स्कॅनच्या आदल्या दोन-तीन दिवसांत, एक रिपोर्टनंतर. रिपोर्ट मोबाइलवर येत असेल तर तो कोण उघडणार आणि कोणाला आधी सांगणार हेही आधीच ठरवा. आमच्याकडे रिपोर्ट मी उघडते, आणि आईला सांगताना ती जे काम करत असेल ते बाजूला ठेवून घेते. आईचीच अट आहे ती. म्हणते, "आधी माझ्या हातातली पाटी घी, मगे सांग."